बदली घर

चौकोनातली खूण चौकोनात मावली नव्हती. तिचं शेपूट रेघ ओलांडून खाली उतरलं होतं – निळ्या शाईचं, घाईचं; साईनाथ अशाच खुणा करतो, उभ्याउभ्या, फॉर्म पोटाशी धरून – आणि त्या शेपटाखाली छापील शब्द अर्धा झाकला गेला होता. बंद. झाकला तरी वाचता येत होता. घर क्रमांक सदुसष्ट. वार बुधवार. भेटीची वेळ अकरा वीस. दार तीन वेळा वाजवले – होय. प्रतिसाद – नाही. घराची स्थिती – बंद. बदली घर – अडुसष्ट.

माधवीनं त्या खुणेवर अंगठा ठेवला. शाई वाळून आठ दिवस झाले होते, पुसली जाणार नव्हती, आणि पुसायची म्हणून तिनं अंगठा ठेवलाही नव्हता... अकरा वीस. बुधवारी अकरा वीसला आई कुठं जाणार होती? गेली तीस-पस्तीस वर्षं बुधवारी अकरा वीसला, गुरुवारी, शुक्रवारीही, आई एकाच जागी उभी असते – यंत्रमागापुढे, अनवाणी, डावा तळवा मागाच्या लाकडावर टेकवून. भाऊ सिद्धेश सकाळी आठला उद्यमबागला कारखान्यात जातो, वहिनी माहेरी गेलेली. म्हणजे घरात आई एकटी, आणि माग चालू. आणि कागद म्हणतोय, बंद.

सदुसष्ट म्हणजे आईचं घर. आपल्या नात्यातल्या घराची पाहणी आपण करायची नाही असा नियम आहे, तो तिला पहिल्याच दिवशी आवडला होता. यादीत सदुसष्ट निघाल्याबरोबर तिनं तो फॉर्म सोबत पाहणी करणाऱ्या साईनाथच्या गठ्ठ्यात सरकवला होता आणि हात मोकळे झाल्यासारखं वाटलं होतं.

सकाळचे साडेनऊ. शहापुरात औषधाच्या दुकानावरची भाड्याची खोली, दोन टेबलं, भिंतीवर वडगावच्या गल्ल्यांचा हातानं काढलेला नकाशा. खालून कफ सिरपचा गोड वास. बावन्न फॉर्म मोजायचे, रिकाम्या जागा शोधायच्या, पाचला गठ्ठा प्रियदर्शनी मॅडमच्या हातात द्यायचा. मॅडम तो धारवाडला नेणार आणि मग तिथं जे काही ठरायचं ते ठरणार. ठरायचं एवढंच होतं – मागावर काम करून किती घरांत माणसांचे कान गेलेत. शंभरातल्या दहा घरांत असं माणूस निघालं तर वडगावला कान तपासायची कायमची सोय होणार, कानातली यंत्रं येणार, मागाच्या खोल्यांचं काय करता येईल ते बघायला माणसं येणार. नाही निघालं तर ती सोय दुसऱ्या गावाला. माधवीच्या बावन्न घरांत दोन निघाली होती.

दोन. वडगावात. जिथं लग्नाच्या पंगतीतही माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

लहान असताना इतर गल्ल्यांतली माणसं किती हळू बोलतात याचं तिला नवल वाटायचं, आजारी आहेत की काय असं वाटायचं. कंग्राळीला सासरी आली तेव्हा सासू पहिल्या दिवशी म्हणाली होती, अगं आम्ही इथंच आहोत, शेतात न्हाय. ते आठवून तिला आता हसू आलं नाही. बोटं फॉर्म उलटत राहिली, आणि उलटता उलटता तिच्या लक्षात आलं की आपण रिकाम्या जागा शोधत नाही आहोत. आपण ‘बंद’ मोजतो आहोत.

चौदा.

चौदा बंद घरं, चौदा बदली घरं. बावन्नातली चौदा. सगळं नियमात होतं. चारशे बारा घरांची यादी, आठवं आठवं घर, सुरुवात कुठून ते चिठ्ठी टाकून ठरलेलं – तीन, अकरा, एकोणीस, सत्तावीस... कोण येणार ते आपल्या हातात ठेवायचं नाही, मॅडम प्रशिक्षणात म्हणाल्या होत्या. आपला हात आपल्या माणसांकडे, ओळखीच्या दाराकडे, सावलीतल्या ओट्याकडे वळतो, म्हणून तो बांधून टाकायचा. दार बंद असेल तर मात्र शेजारचं घर घ्यायचं. तेही बांधलेलंच, पुढचा नंबर.

माधवीनं चौदा फॉर्म वेगळे काढले आणि टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. भेटीची वेळ. अकरा वीस, साडेदहा, बारा पाच, अकरा, अकरा चाळीस... वार. बुधवार, गुरुवार, बुधवार, सोमवार, शुक्रवार. मंगळवार कुठंच नव्हता. मंगळवारीही त्यांनी अकरा घरं केली होती, तिला नीट आठवत होतं, आणि अकराच्या अकरा दारं उघडली होती. ओट्यांवर माणसं बसलेली, कुणीतरी चहा दिला होता, साईनाथ म्हणाला होता, आक्का, रोज असं असतं तर. मंगळवारी लाइट नव्हती. सकाळी नऊपासून तारांचं काम म्हणून सगळ्या वडगावची लाइट गेली होती, आणि माग थांबले होते.



म्हणजे लाइट असली की दारं बंद. माग चालू असला की घर बंद. तीन टकटकी, एका वाकवलेल्या बोटाच्या, त्या आवाजात... कान धड असलेल्यालाही कळणार नाहीत, मग ज्याचे गेलेत त्याला...? आम्ही काय मोजत होतो? आम्ही कान गेलेल्यांना हाका मारून विचारत होतो, तुमचे कान गेलेत का, आणि ज्यांनी ओ दिली नाही त्यांच्या नावापुढे लिहीत होतो, घरात नाहीत.

असं पूर्वीही झालं होतं. दोन वर्षांमागं कोगनोळीच्या नाक्यावर दुसऱ्या एका पाहणीत ती दर दहावी गाडी थांबवत होती – कुठून आलात, किती वेळ लागला, त्रास काय होतो. घाईतली गाडी थांबायची नाही, मग अकरावी घ्यायची. शेवटी अहवालात आलं की सीमा ओलांडणारे बहुतेक लोक निवांत असतात. तेव्हा ती आणि विक्रम, तिचा नवरा, जेवताना खूप हसले होते. विक्रम अजून संकेश्वरला जाताना म्हणतो, चल, आपण निवांत माणसं.

मॅडम दहाला आल्या. माधवीनं टेबलावरचे चौदा फॉर्म दाखवले, वेळा दाखवल्या, मंगळवार सांगितला. मॅडमनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढून ऐकलं, त्या वाईट नव्हत्या – निपाणीच्या, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईची मुलगी, स्वतःच्या बळावर इथवर आलेली. बदली घर घेणं नियमातच आहे, त्या म्हणाल्या. बंद घरं सगळ्याच पाहण्यांत असतात. तुझा अंदाज बरोबर असेल, पण अंदाज फॉर्ममध्ये भरता येत नाही. चौदा घरं पुन्हा करायची तर मला वर लिहून द्यावं लागेल की आमच्या लोकांनी काम चुकवलं, आणि मग बावन्नच्या बावन्न रद्द होतील, तुझी, साईनाथची, सगळी. एखादं घर तू आज पुन्हा भेट म्हणून करू शकतेस. एक. आणि जरा थांबून, आवाज उतरवून, हे तू कुणाच्या घरासाठी तर करत नाहीस ना, असं त्यांनी विचारलं.

नाही, माधवी म्हणाली.

साईनाथ कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. मॅडम फोनवर बोलायला गॅलरीत गेल्यावर तो म्हणाला, आक्का, मी तीनदा वाजवलं, देवाशपथ, मोजून तीनदा.

मला माहीत आहे रे, ती म्हणाली. त्याच्यावर रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तोच तर त्रास होता.

दुपारी ती शहापुरातून चालत निघाली. कपड्यांची दुकानं, नारळवाले, मग रस्ता अरुंद होत गेला आणि पायांखाली ती जुनी धडधड सुरू झाली – कानांना ऐकू येण्याआधी टाचांना कळणारी. आणि त्या धडधडीबरोबर, तिनं न बोलावता, भावकू मास्तर आले.

दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. खानापूरकडचे भावकू मास्तर, गणित शिकवायचे, बोलताना धोतराचा सोगा बोटाभोवती गुंडाळायचे, ते उन्हातून चालत घरापर्यंत आले. पोरीला सायन्सला घालायचं, फॉर्म मी आणलाय, आईची सही पाहिजे. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी दारातून हाक मारली. आई गं. माग चालू होता. पुन्हा मारली. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे, फॉर्म हातात, आणि आत आईची पाठ, घामानं चिकटलेलं लुगडं, मान किंचित डावीकडे कललेली, ती मान वळली नाही. तिसऱ्या हाकेनंतर मास्तर म्हणाले, असू दे, कामात आहेत, येईन पुन्हा. ते पुन्हा आले नाहीत, त्यांची बदली झाली. मी आर्टस्‌ला गेले, दोन वर्षांनी कंग्राळीला.

आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बावीस वर्षं हे वाक्य तिच्यात होतं, घरातल्या एखाद्या जुन्या कपाटासारखं – त्याला वळसा घालून चालायची सवय झालेली. आईशी ती चांगलं वागायची. सणाला लुगडं, दुखलं-खुपलं तर दवाखाना. पण तिच्यासमोर बसून ती कधी फार वेळ बोलली नव्हती, आणि आईनंही बोलावलं नव्हतं.

आणि आज, नारळवाल्यापासून दहा पावलांवर, ते कपाट जागेवरून हललं. ऐकलंच नसेल तिनं. त्या दिवशीही घर बंद नव्हतंच. तिचे कान तेव्हाच... मी तीन हाका मारल्या, मोजून तीन, आणि लिहून टाकलं. माधवी रस्त्याच्या कडेला थांबली. डोळे भरून आले होते आणि त्यात दुःख नव्हतं, काहीतरी सुटल्यासारखं होतं, इतकं सोपं, इतकं स्वच्छ की तिला बावीस वर्षांची लाज वाटली. चौदा घरांचं काहीही होवो, हे एक तर आपण आज दुरुस्त करू शकतो. एक घर, मॅडम म्हणाल्या होत्या; नात्यातल्या घराचा नियम तिनं बाजूला ठेवला.

चालता चालता तिनं कोरा फॉर्म उघडला. प्रश्न २ – मातृभाषा. तो दुसराच का ठेवला कुणास ठाऊक. या सीमाभागात तो प्रश्न विचारला की माणसं आवरून बसतात, मराठीही आणि कन्नडही. आधी फॉर्मवरचा शिक्का बघतात, मग तुमच्या तोंडाकडे, आणि त्यानंतरची सगळी उत्तरं दुसऱ्याच कुणाला तरी दिल्यासारखी येतात. तिनं हे प्रशिक्षणातच सांगितलं होतं. फॉर्म छापून झाले होते.

अडुसष्टच्या दारात यल्लव्वा कांड्या निवडत बसली होती, शेजारच्या मागवाल्यांच्या. पायाशी टोपली, मांडीवर सुताचा गुंता. तिनं मान वर केली.

“या सरकारी बाई. पुन्हा कान तपासायला आलीस काय गं? त्या पोराला सांगितलंय मी, आमच्यात सगळ्यांचे कान तिखट हायत. आमच्या मालकांना तर मी बोलायच्या आधीच ऐकू येतंय, म्हणून तर घरात थांबत न्हायत.”

माधवी ओट्यावर टेकली. यल्लव्वाच्या मागं खोली दिसत होती – थंड, मोठी, तिथं आता फ्रिज आणि मुलाची मोटारसायकल. फरशीत चार भोकं होती, सिमेंटनं बुजवलेली, तरी कळत होती. माग तिथं होता. दोन वर्षांपूर्वी भंगारात घातला. माधवी त्या चार भोकांकडे बघत राहिली, आणि मग तिनं पिशवीतून चौदा फॉर्म काढून बदली घरांचे नंबर एकेक करून गल्लीशी जुळवायला सुरुवात केली – बारा, किराणा दुकान. छत्तीस, माग विकून मुलगा पुण्याला. एकशे चोवीस, शिवणकाम. दोनशे चार, भाडेकरू, नर्स... दार कोण उघडतं? ज्याच्या घरात माग नाही तो उघडतो. मागाच्या चौदा घरांच्या जागी आम्ही माग नसलेली घरं भरली, शांत घरं, आणि त्यांना विचारलं, तुम्हाला नीट ऐकू येतं ना.

त्या दिवशी आई घरात होती का, तिनं विचारलं.

“मग कुठं जाती? माग चालू हुता न्हवं. त्यो पोरगा दार बडवतोय, बडवतोय, मला तर हसूच आलं. दार वाजवून आमच्या गल्लीत कोण येतंय गं? एक मीटरवाला, न्हायतर पोलीस. तू हितलीच न्हवं? तुला ठाव न्हाय?”

तिला ठाऊक होतं. हेच सगळ्यात वाईट होतं. गल्लीत कुणी दार वाजवत नाही. दार लोटायचं, आत जायचं, मागाच्या डाव्या अंगानं वळसा घालून दिव्याखाली उभं राहायचं, माणसाला दिसेल असं, आणि त्यानं बघेपर्यंत थांबायचं. मागून हाक मारायची नाही, मागून हात तर लावायचाच नाही – दचकला तर हात मागात जातो. चालायला लागल्यापासून तिला हे येत होतं. आणि प्रशिक्षणात दार तीन वेळा वाजवा असं सांगितलं तेव्हा तिनं वहीत लिहून घेतलं, दार तीन वेळा वाजवा, आणि खाली रेघ मारली.

मग तू त्याला सांगायचं नाहीस का, आत जा म्हणून, असं तिनं यल्लव्वाला विचारलं.

“मला कुठं इचारलं त्यानं? मला इचारलं, मातृभाषा कुठली. मी म्हटलं, बाबा, जी लिवल्यावर रेशन बंद हुणार न्हाय ती लिव.” यल्लव्वा हसली, मग हसू आवरून सदुसष्टच्या दाराकडे हनुवटी केली. “जा की आत. बाहेर काय बसलीस पावण्यासारखी.”

दार लोटलेलं होतं. ती आत गेली, डाव्या अंगानं, दिव्याखाली.

आईनं लगेच बघितलं नाही. तिचा तळवा लाकडावर होता, बोटं पसरलेली, आणि माधवीला दिसलं की बोटं एकदम आवळली, दुसऱ्या हातानं माग थांबवला गेला, आणि मग कुठं तुटलेला धागा दिसला. तुटण्याआधी थांबला की तुटल्यावर, सांगता आलं नसतं. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, बाकीचे त्यावरून ओळखतात. आई हातानं ओळखते. केव्हापासून? आईनं धागा जोडला, मान वर केली, माधवीला बघून तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त डोळ्यांजवळ काहीतरी बारीक झालं.

आलीस व्हय, जेवलीस का, ती म्हणाली. थांबलेल्या मागासमोरही मोठ्यानं.

माधवीनं फॉर्म काढला. आईच्या समोर उभी राहिली, ओठ नीट हलवत, आवाज न चढवता – आणि आपल्याला हे किती सहज येतंय याचं तिला नवल वाटलं – तिनं सगळं सांगितलं. की तो मुलगा आला होता, त्याची चूक नव्हती, नियमच तसा होता. की चौदा घरं अशीच राहिली. की तुझं एक घर आज मी पुन्हा करू शकते. की एक सुद्धा पुरेसं नाही, पण एकावरून मॅडमना दाखवता येईल, बघा, उघडं होतं. तुला ऐकू कमी येतं एवढं लिहायचं. नाव वर जात नाही, नुसता नंबर जातो.

आई तिच्या ओठांकडे बघत होती. शेवटचं वाक्य संपल्यावर तिनं पदरानं मान पुसली.

“सदुसष्ट लंबर म्हटलं की मीच न्हवं? गल्लीत दुसरं कोण हाय सदुसष्ट?”

माधवीनं फॉर्मवरच्या नंबराकडे बघितलं.

“सूतवाला मालक दर आठवड्याला येतोय. सूत टाकतोय, लुगडी नेतोय. बहिरीच्या हातात माग कोण ठेवील? धागा तुटल्यालं कळंना झालं तर कापड वाया. त्या खालच्या आळीच्या शालूबाईचं तसंच झालं. कान गेल्यालं कळलं, आणि दुसऱ्या आठवड्याला सूत आलं न्हाय.”

तुला कळतं की, माधवी म्हणाली. तुला हातानं कळतं, मी आत्ता बघितलं.

“तू बघितलंस. तो कुठं बघतोय.” आई वाकली, खालची एक कांडी उचलून टोपलीत टाकली, आणि वाकलेली असतानाच, तोंड जमिनीकडे, म्हणाली, “तो पोरगा आलता की. बघितला मी.”

माधवीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती आईच्या समोर आली. आईनं सरळ होऊन दाराकडे बोट केलं, खालच्या फटीकडे, जिथून गल्लीतलं ऊन आत पट्टीसारखं पडलं होतं.

“माणूस उभा ऱ्हायला की तिथं काळं हुतंय. बूट दिसले. फटीतनं कागद दिसला. कळलं मला.”

“मग दार का उघडलं नाहीस?”

“उघडून काय सांगू? न्हाय म्हटलं तर खोटं. व्हय म्हटलं तर माग जातोय.” तिनं खांदे किंचित उडवले. “उभी ऱ्हायले. मग गेला तो.”

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, आणि आपण काही विशेष सांगतो आहोत असंही नव्हतं. आईनं हात पुसले, आत जाऊन पाणी आणलं, तांब्या माधवीपुढे ठेवला, आणि मग माग चालू केला, कारण संध्याकाळपर्यंत विणलेला तुकडा मागावरून उतरवायचा होता. धडधडीनं खोली भरली.

माधवी भिंतीला टेकून खाली बसली. फॉर्म मांडीवर.

चौदा घरं. सकाळी ती बंद होती, मग दुपारी तिनं ती उघडली होती, सगळी, एका हिशोबानं – ऐकू आलं नाही, म्हणून दार उघडलं नाही. किती सोपं. आता त्या चौदा दारांच्या मागं चौदा माणसं उभी राहिलेली तिला दिसत होती, फटीकडे बघणारी, आणि त्यातल्या कुणाला ऐकू आलं नव्हतं, कुणाला आलं होतं, कुणी बूट बघितले, कुणी बघून वळलं, हे सांगायला कुठलाच चौकोन नव्हता. आणि फॉर्म घेऊन आत येऊन विचारलं तरी – आत्ताच विचारलं की – तरी उत्तर काय येणार? नाही. सांगितलं ते लिहायचं, माहीत आहे ते लिहायचं नाही, हा नियम पाळला तर सदुसष्ट नंबरचं घर म्हणतं, कान उत्तम. तिच्या स्वतःच्या हातानं बावन्नातली दोन दोनच राहणार.

पण ते राहू दे. ते नव्हे...

त्या दिवशी दार उघडं होतं. सायंकाळचे साडेचार, गल्लीत ऊन पश्चिमेकडून सरळ दारात येतं त्या वेळी. भावकू मास्तर उंबऱ्याबाहेर. त्यांची सावली आत पडली असणार; उंच माणूस, ती मागापर्यंत आली असणार, आईच्या पायांपर्यंत. मी तिच्या पायांकडे बघितलं नव्हतं. मी पाठ बघत होते. तिला ऐकू आलं होतं का, हा प्रश्नच नव्हे. तिला दिसलं होतं का. आणि दिसलं असेल तर... बाप नसलेलं घर, एक माग, सिद्धेश आठ वर्षांचा, आणि दारात एक भला माणूस सही मागत उभा. हो म्हटलं तर सायन्सचा खर्च झेपणार नव्हता. नाही म्हटलं तर पोरीच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं.

आणि मी तरी. गल्लीतली मुलगी, मला वळसा घालून दिव्याखाली उभं राहता येत होतं. मी मास्तरांच्या शेजारी उभी राहून पावण्यासारख्या हाका मारल्या. का? दिव्याखाली गेले असते तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं...

विचारता येईल. आत्ता, समोर जाऊन. तिनं मनात वाक्य जुळवलं – आई, तुला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं ना? यात उत्तर आधीच भरलेलं होतं. तुला मास्तर दिसले होते का? हा तर पोलिसाचा प्रश्न. त्या दिवशी काय झालं होतं गं? कुठल्या दिवशी, आई म्हणेल. तिच्यासाठी तो दिवस दिवस होता की नाही कुणाला माहीत. प्रशिक्षणात दोन दिवस ते सगळे हेच शिकले होते, उत्तराकडे न ढकलणारा प्रश्न कसा करायचा, आणि माधवी त्यात वर्गात पहिली आली होती. आता तिनं प्रत्येक शब्द बदलून बघितला, मागंपुढं करून बघितला. प्रत्येक प्रश्न कुठं तरी ढकलत होता. जिकडे तिला जायचं होतं तिकडे, किंवा जिकडे जायची भीती होती तिकडे.

ऊन फटीतून सरकत भिंतीवर चढलं. आई एकदा तिच्याकडे बघून परत मागाकडे वळली. जा असं म्हणाली नाही. माधवीच्या पाठीतून, भिंतीतून, फरशीतून माग चालत होता आणि काही वेळानं तिला त्याचा आवाज वेगळा असा येईना झाला, तो नुसता अंगात राहिला. तिनं डोळे मिटले होते की नव्हते, सांगता येणार नाही. किती वेळ, तेही नाही.

मग आईनं माग न थांबवता मान वळवली आणि हनुवटीनं तिच्या मांडीकडे दाखवलं.

“फोन वाजतोय तुझा.”

माधवीनं खाली बघितलं. फॉर्मच्या कडेला पिशवीत प्रकाश लुकलुकत होता. तिला ऐकू आला नव्हता. प्रियदर्शनी मॅडम. पाचला दहा कमी होते. प्रकाश विझला, थोडा वेळ अंधार, पुन्हा लागला. तिला दिसत होतं कोण आहे, काय विचारणार आहेत तेही. झालं का ते एक घर? झालं म्हणायचं तर काय झालं ते लिहावं लागेल. नाही म्हणायचं तर गठ्ठा जसा आहे तसा जाईल, चौदा बंद, दोन बहिरे, गाव ठणठणीत. रद्द करा, सगळं चुकलंय, म्हणायचं तर साईनाथ, मॅडम, आणि मग पुन्हा नवी माणसं, नवे फॉर्म, या दाराशी, या बाईपुढे.

उचलायला हवा, असं तिला वाटत होतं. हात फोनपासून वीतभर होता. राग नव्हता, मॅडमवर तर मुळीच नाही. टाळायचं असंही काही तिनं ठरवलं नव्हतं. फक्त आत्ता, या घटकेला, तिच्याकडे असा एकही शब्द नव्हता जो खोटा नव्हता आणि ज्यानं कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि तो शब्द सापडेपर्यंत बाहेरचं माणूस जरा वेळ उभं राहिलं तर... राहू दे.

ती बसून राहिली. समोर आईची पाठ, मान किंचित डावीकडे कललेली. माधवी त्या मानेकडे बघत होती, आणि ती वळावी असं पहिल्यांदाच तिला वाटत नव्हतं. फोन तिसऱ्यांदा लागला.